शांत वर्षांतले काम
केडगाव ज्या अहिल्यानगर शहराचे उपनगर आहे, तिथे शाह शरीफ यांचा दर्गा आहे. त्यांच्या नावावरून मालोजीराजांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. याच जिल्ह्यातल्या शेवगावात मे २०२३ मध्ये मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली. सलोख्याचा वारसा केवळ सांगून टिकत नाही, तो राबवावा लागतो.

कसा, हे भिवंडीने दाखवले. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या या यंत्रमागांच्या गावात १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतले सामान्य रहिवासी पोलिसांबरोबर बसू लागले; किरकोळ तंटे तिथेच मिटू लागले. अफवा आली, तर खरे-खोटे विचारायला पलीकडच्या वस्तीत ओळखीचा माणूस होता. १९९२-९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली.

पुढे २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तिथेच हिंसा उसळली. नागरिक आणि पोलीस, दोन्हीकडचे जीव गेले. एकदा साधलेली शांतता कायमची नसते. समितीची सतरंजी शांत वर्षांतच अंथरायची असते. दगड पडू लागल्यावर बोलावलेल्या बैठकीला फार उशीर झालेला असतो.