दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूचा आहार

पोहणे, सायकल चालविणे व धावणे ही तिन्ही कामे मध्ये विसावा न घेता एकापाठोपाठ करावयाची, या स्पर्धेस ट्रायथलॉन म्हणतात. तिचा अतिशय खडतर असा एक प्रकार १९७८ साली हवाई बेटांपैकी ओआहू येथे प्रथम भरला. त्यात ३.८ किलोमीटर पोहून व १८० किलोमीटर सायकल चालवून झाल्यावर शेवटी ४२.२ किलोमीटर धावावे लागते. निष्णात खेळाडूस याला आठ-नऊ तास लागतात. सामान्यास पंधरा-सोळाही लागतात. इतका वेळ शरीराची भट्टी पेटती ठेवण्यास इंधन कोठून येते?

शरीरात इंधनाचे दोन साठे असतात. पहिला चरबीचा. सत्तर किलो वजनाच्या सडपातळ माणसाच्या अंगीही सात-आठ किलो चरबी असते आणि तिच्यापासून पन्नास हजारांहून अधिक किलोकॅलरी मिळू शकतात. दुसरा साठा ग्लायकोजेन या शर्करामय पदार्थाचा. तो स्नायूंत व यकृतात मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार किलोकॅलरींच्या आतबाहेरच असतो. कोठारात ओंडक्यांची रास असावी, पण चुलीपाशी काटक्या मात्र दोन मुठीच असाव्या, तसा हा प्रकार आहे. चरबी सावकाश जळते आणि तेवढ्याच शक्तीसाठी तिला प्राणवायूही अधिक लागतो. म्हणून वेग वाढला की शरीर शर्करेकडे वळते. सत्तर किलोच्या माणसास मॅरेथॉन धावण्यास सुमारे तीन हजार किलोकॅलरी लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास चांगल्या धावकांचेही पाय एकाएकी जड का होतात, याचा उलगडा होतो.

ही गोष्ट प्रयोगाने कळण्यास वेळ लागला. १९२४ साली बोस्टन येथील मॅरेथॉन संपताच डॉ. सॅम्युएल लेव्हिन व त्यांचे सहकारी यांनी काही धावकांचे रक्त तपासले. जे गलितगात्र होऊन आले होते, त्यांच्या रक्तातील शर्करा फार उतरलेली आढळली. इन्शुलिन हे औषध त्या वेळी नवेच होते, आणि त्याची मात्रा अधिक झालेल्या रोग्याची जी अवस्था होई, तीच या धावकांची झाली होती. पुढील वर्षी काही धावकांना आदल्या दिवशी पिष्टमय अन्न भरपूर देण्यात आले व वाटेत गोळ्या-मिठाई खावयास सांगण्यात आले. या वेळी त्यांची शर्करा टिकून राहिली व प्रकृतीही सुधारलेली दिसली.

स्नायूंत काय घडते हे मात्र स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम व हल्टमन या दोघा शास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखविले. एकाच स्थिर सायकलीच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकाने एकेकाच पायाने ती थकेपर्यंत चालविली. दुसरा पाय स्वस्थ ठेवला. नंतर सुईने दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे कण काढून तपासले. श्रमलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळजवळ संपले होते. पुढे तीन दिवस पिष्टमय आहार घेतल्यावर त्याच पायात ते विसावलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट साठले. स्पर्धेपूर्वी दोन-तीन दिवस भात, पोळी, बटाटे यांचे प्रमाण वाढविण्याची चाल याच प्रयोगावर आधारलेली आहे.

पण साठा कितीही भरला तरी आठ तासांस तो पुरत नाही. वाटेत खावेच लागते, आणि तेथे खरी अडचण आतड्याची असते. केवळ ग्लुकोज घेतल्यास ताशी साठ ग्रॅमच्या आसपासच उपयोगी पडते. बाकीचे आतड्यात तुंबून पोट ढवळते. फ्रुक्टोज या दुसऱ्या शर्करेस आतड्यात शिरण्याचे द्वार निराळे आहे. दोन्ही एकत्र दिल्यास मर्यादा ताशी नव्वद ग्रॅमपर्यंत जाते. आपली साखर व गूळ यांत या दोन्ही शर्करा जोडीनेच असतात, हे येथे सांगण्याजोगे आहे. मात्र इतके पचविण्याची सवय आतड्यासही सरावानेच लागते.

ग्लुकोजबरोबर सोडियम असले म्हणजे दोन्ही आतड्यातून जोडीने आत जातात, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडले. पाणीही त्यांच्यामागून शिरते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले, त्यामागे हेच तत्त्व होते. खेळाडूंची क्षारयुक्त पेयेही याच तत्त्वावर बनतात. त्यांना मोठे गूढ समजण्याचे कारण नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही टोकांच्या चुका झाल्या आहेत. १९०४ च्या सेंट लुई येथील ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये धावकांस वाटेत पाणी जवळजवळ मिळालेच नाही. ३२ जणांपैकी १४ जणच शेवटपर्यंत पोहोचले. पुढे याच्या उलट, तहान लागो वा न लागो, पीत राहावे असा उपदेश रूढ झाला. घामावाटे जाते त्याहून अधिक पाणी प्याल्यास रक्तातील सोडियम विरल होते, मेंदूस सूज येते आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावकांचे रक्त तपासण्यात आले, तेव्हा १३ टक्क्यांचे सोडियम प्रमाणाहून कमी होते; धावताना ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले त्यांत हा दोष विशेष दिसला. तहानेप्रमाणे प्यावे, असे आता बहुतेक तज्ज्ञ सांगतात.

उरल्या पुरवणीच्या गोळ्या व चूर्णे. अशा खेळाडूस शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. ती डाळ, दूध, अंडी, मासे यांतून मिळू शकतात. लोहाची उणीव स्त्री-धावकांत पुष्कळदा आढळते, पण रक्त तपासूनच लोह घ्यावे. उणीव नसताना घेतलेल्या जीवनसत्त्वांनी वेग वाढत नाही. कॉफीतील कॅफीनचा थोडा लाभ होतो, हे मात्र सिद्ध झाले आहे. डब्यात काय आहे ते नेहमी वेष्टनावरून कळत नाही, हा याहून मोठा धोका. कोलोन येथील प्रयोगशाळेने तेरा देशांतून मिळविलेले ६३४ नमुने तपासून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९४ नमुन्यांत वेष्टनावर न लिहिलेली, स्टेरॉइड वर्गातील निषिद्ध द्रव्ये निघाली. जागतिक नियमांनुसार खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याचा जबाबदार तो स्वतःच. ‘डब्यावर तसे लिहिले नव्हते’ एवढ्या सबबीवर त्याची सुटका होत नाही.