लावलेलीं झाडें जगवावीं कशीं?



१९५० सालच्या जुलैंत त्या वेळचे केंद्रीय अन्न व शेतकी मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सव सुरू केला. तेव्हांपासून दर पावसाळ्यांत आपण हौसेनें रोपें लावीत आलों आहों. परंतु आषाढांत लावलेल्या रोपांपैकीं वैशाखांत किती हिरवीं उरलीं, याचा हिशेब क्वचितच कोणी मागतो.

मुंबईंत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. रोपाची खरी परीक्षा दिवाळीनंतर सुरू होते. मुळ्या अजून वरच असतात आणि वरची माती तर वाळून जाते. काळाचौकीसारख्या दाट वस्तींत पदपथ खणला कीं मातीपेक्षां डबरच अधिक हातीं लागतो. तरीहि झाडाची गरज अशाच ठिकाणीं सर्वांत मोठी. मुळांनीं शोषलेलें पाणी पानांवाटे वाफ होऊन जातें, त्यांत उष्णता खर्च होते व भोंवतालची हवा निवते. शाळेंतून परतणारीं मुलें आणि बसची वाट पाहणारे वृद्ध यांना दुपारीं याहून स्वस्त गारवा मिळणें नाहीं.

पदपथावर वा मैदानांत झाड लावण्यापूर्वीं महानगरपालिकेच्या एफ-दक्षिण विभागाच्या उद्यान खात्याची संमति घ्यावी व खालीं नळ वा विजेच्या तारा आहेत काय, तेंहि विचारावें. अरुंद जागीं ताम्हण, बहावा किंवा बकुळ. मोकळ्या मैदानांत करंज वा कडुनिंब. खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल असावा. डबर काढून माती व शेणखत भरावें. बांबूचा आधार द्यावा, पण दोरी सैल बांधावी. नाहींतर खोड जाड होतांच ती सालींत रुतते. बुंध्याभोंवतीं तीन फूट जागा सिमेंटविना ठेवावी, कारण मुळांना पाण्याप्रमाणें हवाहि लागते.

पहिल्या उन्हाळ्यांत दर दोन-तीन दिवसांनीं बादलीभर पाणी सावकाश मुरूं द्यावें. रोज तांब्याभर शिंपडल्यास मुळ्या वरच घुटमळतात. मुरलेल्या पाण्यामागें त्या खोल जातात. दुसऱ्या वर्षीं आठवड्यांतून एकदां पुरतें. तिसरा उन्हाळा पार पडला कीं बहुतेक झाडें आपल्या बळावर उभीं राहतात.

चिकाटीनें काय साधतें याचा दाखला जवळच आहे. मिठी नदीच्या कांठीं, धारावीशेजारीं, १९७७ पर्यंत शहराचा केरकचरा टाकला जाई. त्याच सदतीस एकरांवर १९८३ सालीं पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्तें वृक्षारोपणास प्रारंभ झाला, आणि १९९४ च्या एप्रिलमध्यें तें महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांस खुलें झालें. समारंभ एका दिवसाचा होता. मधलीं अकरा वर्षें मेहनतीचीं होतीं.

काळाचौकींत अशा मेहनतीला हातांची वाण नाहीं. गणेशोत्सवांत दहा दिवस रात्रंदिवस राबणारे कार्यकर्ते येथें गल्लोगल्लीं आहेत. त्यांनीं पन्नास झाडांऐवजीं पांचच लावावीं आणि शाळेच्या हजेरीपटासारखा एक पट ठेवावा: प्रत्येक झाडासमोर दोन घरांचीं नांवें आणि पाणी घातल्याची तारीख. मूल शाळेंत येईनासें झालें कीं मास्तर घरीं चौकशी करतात. रोप कोमेजतांच तशीच विचारणा व्हावी. मेलेल्या रोपाचें नांव खोडूं नये. तें कशानें मेलें, हें समोर लिहावें.

मोजणी मात्र जुलैंत न करतां मे महिन्याच्या अखेरीस करावी. पांचांपैकीं चार झाडांना पालवी दिसली, तर पुढील पावसाळ्यांत आणखी पांच खड्डे खणण्याचा अधिकार त्या मंडळानें मिळविला, असें खुशाल समजावें.