पद्मिनीची काच अडली!

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी ठाऊक आहे ना? १९६४ साली ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली. मुंबईतली तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. आपल्या जळगाव-धुळ्याकडे मात्र एखाद्या आजोबांच्या अंगणात ती अजून दिसते. आणि बहुधा तिची काच अडलेली असते!

अशा वेळी सगळे हँडलवर जोर काढतात. बिचारं हँडल! खरा दोष बहुतेक वेळा खाचेत असतो. काच दोन्ही बाजूंच्या मऊ अस्तराच्या खाचांतून सरकते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो; त्यात रबर कडक होतं आणि वर धूळ साचते. तशात जोर केला तर दाराच्या पोटातली यंत्रणाच तुटते, आणि जुन्या गाडीचा सुटा भाग शोधायचा म्हणजे भंगारबाजार पालथा घालायचा!

म्हणून मोठ्यांना सोबत घेऊन दात घासायच्या जुन्या ब्रशने खाच झाडा. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉनचा फवारा हलकेच मारा. शिलाई मशीनचं तेल नको हं, त्याने रबर फुगतं नि धूळही चिकटते.

सीटचं रेक्झिन का तडकतं? त्याला मऊ ठेवणारे पदार्थ उन्हाने हळूहळू निघून जातात. तेल चोळून ते परत येत नाहीत. लहान भेगेला आतून कापडाची पट्टी चिकटवता येते. गाडी लिंबाच्या सावलीत लावली तर नव्या भेगा तरी उशिरा पडतील. टपावर कावळे काय करतील, ते वेगळं!