नाव तेच, जिल्हा वेगळा

नोव्हेंबर जवळ आला की सीमाभागातल्या मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरतो. '१९५१ साली बीदर जिल्ह्यात मराठी बोलणारे पहिल्या क्रमांकावर होते. आज ते पाचांत एकही भरत नाहीत. बाकीची मराठी माणसं गेली कुठं?' खाली तीन उद्गारचिन्हं आणि 'पुढे पाठवा'. पलीकडच्या बाजूलाही असाच एक मजकूर फिरतो. त्यात म्हटलेलं असतं की बीदरमध्ये कन्नड बोलणारे निम्म्याहून अधिक आहेत, म्हणजे बीदर पहिल्यापासून कन्नडच होता. हे दोन मजकूर पाठवणारे एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत, पण चूक दोघांची एकच आहे. आणि ती राजकारणाची नाही, शाळेतल्या भूगोलाची आहे.

पहिल्या मजकुरातले दोन्ही आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत, हे आधी मान्य करू. राज्य पुनर्रचना आयोगाचा १९५५चा अहवाल कुणीही काढून पाहावा. हैदराबाद संस्थानातून आलेला बीदर जिल्हा चार भाषांचा होता: मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू. सर्वांत मोठा गट मराठीचा होता, पण तोही निम्म्याहून बराच कमी. कुणाचंच बहुमत नाही म्हटल्यावर आयोगही पेचात पडला असावा, कारण त्याने बीदर ना मुंबईला द्यायला सांगितला ना म्हैसूरला. तेलुगू जिल्ह्यांचं जे उरलेलं हैदराबाद राज्य त्याने सुचवलं होतं, त्यात हा जिल्हा ठेवावा अशी शिफारस केली. ती शिफारस टिकली असती तर आजचं भांडण तिसऱ्याच भाषेशी झालं असतं. २०११च्या जनगणनेचं चित्रही खरं आहे: कन्नड निम्म्याहून थोडी अधिक, मराठी आणि उर्दू प्रत्येकी पाचव्या हिश्श्याच्या आत.

आकडे खरे असूनही निष्कर्ष खोटा निघतो, कारण या दोन आकड्यांच्या मध्ये १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस आहे. राज्य पुनर्रचना कायद्याने बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे केले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, तिथून उस्मानाबाद जिल्ह्यात आणि १९८२पासून नव्या लातूर जिल्ह्यात. नारायणखेड तालुका, निर्णा सर्कल वगळून जहीराबाद तालुका आणि बीदर तालुक्यातलं न्यालकल सर्कल आंध्र प्रदेशाला मिळालं. तो भाग आज तेलंगणात आहे. उरलेलं म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आलं आणि त्याच उरलेल्या भागाला 'बीदर जिल्हा' हे जुनं नाव राहिलं.

तेव्हा 'मराठी माणसं गेली कुठं' या प्रश्नाचं मोठं उत्तर अगदी सरळ आहे. ती कुठंही गेली नाहीत. ती उदगीरला आहेत, निलंग्याला आहेत, अहमदपूरला आहेत, आपापल्या घरीच आहेत. सरकली ती रेघ. जुन्या जिल्ह्यातला मराठीबहुल पश्चिम-उत्तर भाग बाहेर काढल्यावर उरलेल्यात मराठीचं प्रमाण घसरणारच, आणि तेलुगूबहुल पूर्व भाग काढल्यावर तेलुगूचंही. दोन्हीकडची वजाबाकी झाली की मधल्या कन्नडचा वाटा आपोआप वर चढतो. त्यासाठी कुणाला हाकलावं लागत नाही आणि कुणाला भाषा बदलावी लागत नाही. दुसऱ्या मजकुरातला 'पहिल्यापासून' हा शब्दही याच कारणाने पोकळ आहे: १९५६च्या आधी आजच्या हद्दीचा बीदर जिल्हा अस्तित्वातच नव्हता.

हे पटायला जड जात असेल तर शेजारच्या गुलबर्ग्याचं घ्या. २००१च्या जनगणनेत गुलबर्गा जिल्ह्याची लोकसंख्या ३१,३०,९२२ होती. २०११ला ती २५,६६,३२६ भरली. दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं गायब! दुष्काळ, रोगराई, स्थलांतर, काय झालं? काहीच नाही. मधल्या काळात सुरपूर, शहापूर आणि यादगीर हे तालुके काढून यादगीर जिल्हा झाला. २००१च्या आकड्यातून यादगीरचे ९,५६,१८० लोक वेगळे काढले तर आजच्या हद्दीतल्या गुलबर्ग्याचे २१,७४,७४२ उरतात, आणि मग कळतं की त्या दशकात लोकसंख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली. 'गुलबर्ग्यातून साडेपाच लाख लोक हाकलले' असा मजकूर कुणी पाठवत नाही, कारण इथं सगळ्यांना खरं कारण ठाऊक आहे. तोच हिशेब बीदरला लावायची वेळ आली की अक्कल कुठं जाते, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. (२०१४ला गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं. हद्द तीच राहून नाव बदललं, म्हणजे बीदरच्या बरोबर उलटं. तरी जुन्या-नव्या नावांचे हे दोन जिल्हे आहेत असं समजणारेही भेटतात.)

मग आजच्या बीदर जिल्ह्यात मराठी कमी झालीच नाही, असं मी म्हणतोय का? नाही. शाळांचं माध्यम, सरकारी कामकाजाची भाषा, लग्नसंबंध, नोकऱ्या यांनी सत्तर वर्षांत काही ना काही फरक पडणं शक्य आहे. पण तो मोजायचा असेल तर दोन्ही वर्षांत एकच जमीन मोजली पाहिजे. आज जे तालुके बीदर जिल्ह्यात आहेत त्यांचेच १९५१चे आकडे वेगळे काढायचे, निर्णा सर्कल जमेस धरायचं, न्यालकल वजा करायचं आणि मग २०११शी ताडून पाहायचं. काम किचकट आहे, पण अशक्य नाही. ते न करता जिल्ह्याच्या नावावर बोट ठेवून आरोप करणं सोपं आहे, म्हणून तेच चालतं.

याच्याच जोडीला दुसरी एक समजूत येते: जिल्ह्याची टक्केवारी म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाची टक्केवारी. वरण ढवळल्यासारखी मराठी साऱ्या बीदर जिल्ह्यात सारखी पसरलेली नाही. औराद, भालकी आणि बसवकल्याण या महाराष्ट्राला लागून असलेल्या तालुक्यांत ती दाट आहे. हुमनाबाद-चिटगुप्प्याकडे विरळ होत जाते. सीमेलगतची काही गावं जवळपास पूर्ण मराठी, तर पूर्वेकडच्या काही गावांत मराठी घर शोधावं लागतं. जिल्ह्याची सरासरी या दोन्ही प्रकारच्या गावांबद्दल काहीच सांगत नाही. कलबुर्गी जिल्ह्याचंही तसंच: मराठी दिसते ती मुख्यतः अक्कलकोटला भिडलेल्या आळंद तालुक्यात, आणि जिल्ह्याच्या एकत्रित आकड्यात ती जवळजवळ विरघळून जाते.

सीमावादाच्या मुळाशी हाच तर प्रश्न आहे: मोजायचा घटक कोणता, गाव, तालुका की जिल्हा? आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी ह. वि. पाटसकरांनी गाव हा घटक धरला, भौगोलिक सलगता आणि भाषेचं बहुमत पाहिलं. महाराष्ट्राने कर्नाटकाबरोबरच्या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगापुढे त्याच सूत्राचा आग्रह धरला आणि १९६७चा अहवाल अमान्य केला. कर्नाटक तो अहवाल अंतिम मानतं. २००४पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्र विधिमंडळाच्या २७ डिसेंबर २०२२च्या एकमताच्या ठरावात ८६५ गावांबरोबर बीदर आणि भालकी शहरांची नावं आहेत, आख्ख्या बीदर जिल्ह्याचं नाही. म्हणजे जिल्ह्याची टक्केवारी घेऊन भांडणारा आपला कार्यकर्ता स्वतःच्याच राज्याच्या भूमिकेला छेद देतो. त्याला हे सांगायला गेलं तर तो आपल्यालाच फितूर ठरवतो.

घटक बदलला की उत्तर बदलतं, हे भूगोलाच्या अभ्यासकांनी फार पूर्वी दाखवून दिलेलं आहे. स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंट्या घेतल्या आणि वृद्धांचं प्रमाण व रिपब्लिकन मतांचं प्रमाण यांचा संबंध तपासला. काउंट्यांचे गट निरनिराळ्या तऱ्हेने पाडले तसा तो संबंध घट्ट सरळपासून घट्ट उलट्यापर्यंत हवा तसा निघाला. माणसं तीच, मतं तीच, फक्त कुंपणं हलवलेली. त्याच्याही आधी, १९५० साली, विल्यम रॉबिन्सनने दाखवलं होतं की परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जिथं जास्त त्या अमेरिकन राज्यांत साक्षरताही जास्त दिसते. प्रत्यक्षात मात्र परदेशी जन्मलेले लोक इतरांपेक्षा कमी साक्षर होते. ते फक्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. प्रदेशाचा आकडा उचलून माणसाच्या कपाळी चिकटवायचा नाही, एवढंच यातून घ्यायचं.

आता जनगणनेच्या 'मातृभाषा' या रकान्याकडे. तो माणूस काय बोलतो हे सांगत नाही. लहानपणी आई त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलत होती, ते सांगतो. भालक्याचा व्यापारी गिऱ्हाईक पाहून मराठी, कन्नड, उर्दू आणि हिंदी बोलतो, पण मातृभाषेच्या तक्त्यात तो एकदाच मोजला जातो. येणाऱ्या इतर भाषांची नोंद वेगळ्या तक्त्यात असते आणि तो तक्ता कुणी उघडत नाही.

याहून गमतीची गोष्ट हिंदीची. बीदर-कलबुर्गीचे 'हिंदी भाषक' पाहून काहीजण उत्तरेतून आलेल्यांच्या लोंढ्याचा शोध लावतात. जनगणनेत लमाणी किंवा लंबाडी ही मातृभाषा हिंदीच्या गटाखाली धरली जाते. चिंचोळी, आळंद, औराद भागातल्या तांड्यांवर पिढ्यान् पिढ्या राहणारी लमाण कुटुंबं तक्त्यात 'हिंदी' होऊन बसतात. तक्त्याच्या आत पोटभाषांचे वेगळे आकडे दिलेले आहेत. पहिली ओळ वाचून पान मिटणाऱ्याला ते दिसणार कसे?

उरलेल्या समजुती पटापट.

'कलबुर्गी जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला २३०हून अधिक माणसं राहतात.' हा भागाकार आहे, वस्ती नव्हे. एकट्या कलबुर्गी शहरात पाच लाखांवर लोक आहेत आणि ते वगळले तर बाकी जिल्ह्याचा आकडा दोनशेच्या खाली येतो.

'राजधानी म्हणजे जवळचं मोठं शहर.' बीदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत, बेंगळुरू साडेसहाशेच्या पुढे.

'अंतर बदलत नाही.' बीदर आणि कलबुर्गी जागचे हलले नाहीत, पण २०१७च्या ऑक्टोबरात दोघांमधला ११० किलोमीटरचा थेट लोहमार्ग पूर्ण झाला आणि विकाराबादचा वळसा सुटला. प्रवाशाच्या लेखी अंतर बदललं.

'सीमा म्हणजे संबंधांचा शेवट.' कमलनगरच्या माणसाला बाजारासाठी उदगीर जवळचं, अफझलपूर तालुक्यातल्या गाणगापूरला दत्तभक्त महाराष्ट्रातून येतात, आणि भालकीजवळच्या मैलारच्या खंडोबाला दोन्हीकडचे नवस फेडले जातात. प्रशासनाचा प्रदेश एक, व्यवहाराचा प्रदेश दुसरा.

'नकाशावर एकच रंग म्हणजे एकच भाषा.' तो रंग फक्त सर्वांत मोठ्या गटाचा असतो, मग तो नव्वद टक्के असो की बावन्न.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. २०११ला बीदर जिल्ह्यात पाच तालुके होते; त्यानंतर औरादमधून कमलनगर, बसवकल्याणमधून हुलसूर आणि हुमनाबादमधून चिटगुप्पा वेगळे झाले. कलबुर्गीतही कमलापूर, काळगी, शहाबाद, यड्रामी हे नवे तालुके आले. म्हणजे नवे आकडे आले की 'औरादची लोकसंख्या घटली, मराठी माणूस गाव सोडून चालला' असा मजकूर तुमच्या मोबाइलवर येणार, हे मी आजच लिहून देतो. तो पुढे पाठवण्याआधी औरादच्या आकड्यात कमलनगरचा आकडा मिळवा, आणि मगच २०११शी तुलना करा.