चित्र काढणारी मुलं – लेखांक ७ : तेरेझिनच्या दोन सुटकेस

मागच्या आठवड्यात आपण व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेक यांच्या चित्रवर्गात होतो. मुलांची चित्रं मोठ्यांच्या मापानं मोजू नयेत, हा त्यांचा आग्रह. त्याच शहरात १८९८ साली जन्मलेल्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांनी मुलांना कुठे शिकवलं, ते आज पाहू.

फ्रीडल जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत योहानेस इटन यांच्या हाताखाली तयार झाल्या. त्या ज्यू होत्या. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांना आणि त्यांच्या पतीला चेक भूमीतल्या तेरेझिनच्या छावणीत धाडलं. तिथे मुलांना शाळेचे विषय शिकवायला बंदी होती. चित्रकला मात्र खपवून घेतली जाई. तिमजली खाटांवर दाटीवाटीनं झोपणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात फ्रीडल यांचा वर्ग भरू लागला.

उपाशी, घाबरलेल्या मुलीला ‘तुझ्या मनातलं काढ’ म्हटलं तर ती गोंधळूनच जाईल. फ्रीडल आधी हात मोकळा करून घेत. इटन यांच्याकडून त्यांनी तालाचे व्यायाम उचलले होते: ताल धरायचा आणि त्यावर पेन्सिल फिरवायची, कधी भरभर, कधी संथ. भीती आधी शरीरात शिरते. खांदे आखडतात, रेघ आखूड होऊन कागदाच्या कोपऱ्यात जाऊन बसते. तालावर हात सुटला की रेघ पानभर धावते, आणि मग मनातलं यायला वाट मिळते. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. भावना विचारून बाहेर येत नाहीत. त्यांना आधी अंगात जागा करून द्यावी लागते.

कागदाची चणचण होतीच. हिशेबाचे जुने कागद फाडून, चिकटवून मुली कोलाज करत. आकाशातून वहीचे उभे रकाने दिसत राहत. विषय? फुलं, फुलपाखरं, घरातलं जेवणाचं टेबल. छावणीही येई, पण घर जास्त. १९४३ मध्ये छावणीतच दिलेल्या व्याख्यानात फ्रीडल यांनी सांगितलं, की मुलांना चित्रकार बनवणं हा या वर्गाचा हेतू नाही आणि मुलांना आपल्यासारखं करायची मोठ्यांनी घाई करू नये. रंगीत तालीम करून घेतलेली चित्रं घेऊन मुलांना स्पर्धेला पाठवणाऱ्या आपल्या पालकांनी हे जरूर ऐकावं.

आणखी एक शिस्त त्या पाळायला लावत: चित्रावर स्वतःचं नाव लिहायचं. जिथे माणसाची ओळख हद्दपारीच्या यादीतल्या आकड्यापुरती उरली होती, तिथे ‘हे मी केलं’ असं लिहिणं म्हणजे स्वतःचा मान राखणं होतं. मूल्यशिक्षणाचा तास वेगळा घ्यावा लागला नाही.

सप्टेंबर १९४४ च्या अखेरीस पतीला पुढे पाठवल्यावर फ्रीडल यांनी आपणहून पुढच्या गाडीसाठी नाव दिलं. निघण्यापूर्वी मुलांची चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली. आउश्वित्झच्या छावणीत त्यांची हत्या झाली; पती वाचले. युद्धानंतर सुटकेस प्रागला पोहोचल्या. सुमारे ४,५०० चित्रं आज तिथल्या ज्यू संग्रहालयात आहेत. कोणतं चित्र कुणाचं, हे त्या सह्यांमुळेच कळतं. सही करणारी बहुतेक मुलं परतली नाहीत.

फ्रीडल यांची एक विद्यार्थिनी, एडिथ क्रेमर, १९३८ मध्येच न्यूयॉर्कला गेली होती. तिनं हेच धडे तिथल्या भावनिकदृष्ट्या अस्वस्थ मुलांच्या शाळेत नेले आणि चित्रोपचार या शाखेला आकार द्यायला हातभार लावला. तिच्याविषयी पुढच्या आठवड्यात.