खाऱ्या वाऱ्यातला घडीचा चाकू

आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या बोटीची वाट बघत थोडा वेळ उभं राहा आणि ओठांवरून जीभ फिरवून पाहा. खारट लागेल. राजपुरी खाडीवरचा वारा बारीक तुषारांबरोबर मीठ घेऊन येतो. ते ओठांवर बसतं तसंच दाराच्या कडीवर, सायकलच्या साखळीवर आणि खिशातून काढलेल्या चाकूवरही बसतं. कैरी कापायला, सुतळी तोडायला, शहाळ्यातली मलई खरवडायला असा चाकू जवळ असला की बरं पडतं. पण किनाऱ्यावर त्याची निगा घाटावरच्यापेक्षा वेगळी राखावी लागते.

गंज आधी कुठे धरतो

पातं आपल्याला दिसतं, म्हणून आपण ते पुसतो. गंज मात्र जिथे फडकं पोचत नाही तिथे आधी धरतो: पातं ज्या खिळीवर फिरतं तिच्याभोवती, मुठीच्या आतल्या खाचेत आणि स्प्रिंगखाली.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकलं तरी मीठ मागे राहतं, आणि हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ते पुन्हा ओलावा ओढून पाझरू लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात ती त्याहून वरच असते, म्हणजे कोरडा दिसणारा चाकू खिळीपाशी ओलाच असतो.

‘स्टेनलेस आहे, त्याला काय होतंय’ या समजावर विसंबू नका. या पोलादात किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचा पातळसा थर पृष्ठभागावर धरतो आणि तोच पोलादाला वाचवतो. मिठातला क्लोराइड नेमका हा थर फोडतो. अरुंद फटीत ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे फुटलेला थर पुन्हा सांधत नाही आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात.

आधी गोडं पाणी, मग तेल

चाकू जड चालायला लागला की मी पूर्वी लगेच वरून तेल सोडायचो. दोन दिवस बरा चालायचा, मग पुन्हा अडकायचा. खारट ओलावा आत तसाच राहायचा, त्यात तेल आणि रेती मिसळून काळा राडा व्हायचा. एकदा काडीला कापूस गुंडाळून मुठीच्या खाचेतून फिरवला, तर तो विटकरी रंगाचा निघाला. चूक तेव्हा कळली: मीठ तेलात विरघळत नाही, ते पाण्यानेच जातं.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. आत रेती गेली असेल तर चाकू आधी उघडमीट करू नका. वाळूचा कण खिळीपाशी कानशीसारखा घासतो. पातं पूर्ण उघडा, धार स्वतःपासून दूर ठेवा आणि खाचेत गोड्या पाण्याची धार सोडा. मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने खिळीभोवती घासा. आता पाण्यातच सात-आठ वेळा हळू उघडमीट करा. मळ सुटताना दिसतो. स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा, झटका, पुसा आणि उघडाच तासभर उन्हात ठेवा. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा. ब्लीचच्या पाण्यात मात्र बुडवू नका; त्यातला क्लोरीन पोलादाला खातो.

फणसाचा चीक चिकटला असेल तर साबणाने तो हटत नाही. आधी खोबरेल चोळा, चीक सुटला की मग साबण लावा.

तेल कोणतं, किती

चीक काढायला खोबरेल उत्तम, पण ते खिळीत सोडू नये. 24 अंशांच्या आसपास ते थिजतं आणि थंडीत पातं जड होतं. पुढे खवटही होतं. करडई, सूर्यफूल ही तेलं तर वाळून चिकट होतात. शिवणयंत्राचं तेल खिळीला चांगलं, पण त्याच चाकूने फळं कापत असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या. खिळीच्या दोन्ही बाजूंना सुईच्या टोकाने एकेक थेंब द्या, दहा वेळा उघडमीट करा आणि बाहेर आलेलं पुसून टाका. जास्तीचं तेल रेती धरून ठेवतं. पात्यावर तेलाचं बोट नुसतं फिरवायचं.

लाकडी मूठ आणि साधं पोलाद

लाकडी मुठीचा चाकू पाण्यात भिजत ठेवू नका. लाकूड फुगलं की पातं उघडत नाही. 1890 पासून बनणाऱ्या फ्रान्सच्या ओपिनेल चाकूंचीही हीच अडचण आहे. ओल्या ब्रशने काम भागवा.

साध्या पोलादाचं पातं कैरीने काळपट पडतं. तो गंज नव्हे, घासून काढायची गरज नाही. बोटाला तांबूस भुकटी लागली तर तो गंज. तेल लावून बारीक स्टील वूलने हलके काढा.

मुरूडकडच्या सुपारीच्या घरांतल्या अडकित्त्यालाही हेच लागू आहे. तोही एका खिळीवरच चालतो.

खाडीवरून घरी आलात की चाकू त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. पाच मिनिटांचं काम आहे. उद्यावर टाकू नका.