डोंगर ढासळला, चेहरा उरला

तळहातात सहज मावेल अशी एक गोल चकती. वरच्या टोकाला लाल फीत ओवलेली आणि मधोमध एका डोंगरकड्याचे छायाचित्र. नाताळच्या झाडावर टांगावयाची ही शोभेची वस्तू अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात विकत मिळते. चित्र निरखून पाहिले, तर कड्याच्या कडेला कपाळ, नाक, ओठ आणि पुढे आलेली हनुवटी दिसू लागते. तेथील लोक या चेहऱ्याला ‘डोंगरातला म्हातारा’ म्हणतात. वाचकहो, हा म्हातारा आज त्या डोंगरावर नाही.

नाताळच्या झाडाला काचेचे गोळे टांगण्याची चाल मूळची जर्मनीची. लाउशा गावचे कारागीर तापलेली काच फुंकून पोकळ गोळे करीत व त्यांना आतून चांदीचा मुलामा देत. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात हे गोळे अमेरिकेत पोहोचले. पुढे धातूच्या व चिनी मातीच्या चकत्या आल्या आणि त्यांवर छायाचित्रे उमटू लागली. पाहिलेल्या स्थळाची अशी खूण घरी आणावयाची आणि दर डिसेंबरात पेटीतून काढून झाडावर लावावयाची, हा तेथील कित्येक घरांचा परिपाठ आहे. आपल्याकडेही यात्रेहून परतणारा माणूस क्षेत्राची तसबीर आणतोच की!

फ्रँकोनिया नॉच या खिंडीत, प्रोफाइल सरोवरापासून सुमारे १,२०० फूट उंचीवर, ग्रॅनाइटचे पाच कंगोरे असे काही पुढे आले होते की, एका बाजूने पाहता सुमारे ४० फूट उंचीचा मानवी चेहरा दिसे. त्याची पहिली नोंद १८०५ सालची. नॅथॅनियल हॉथॉर्न या कथाकाराने त्याच्यावरून कथा लिहिली. १९४५ मध्ये तो राज्याचे चिन्ह ठरला आणि २००० साली नाण्यावरही उमटला.

परंतु ज्या पाण्याने व बर्फाने हा चेहरा घडविला, त्यांनीच तो मोडला. फटीत शिरलेले पाणी थंडीत गोठते, गोठताना फुगते आणि खडकाला तसूतसूने दूर लोटते. ही फट वाढू नये म्हणून १९१६ मध्ये कपाळाचा दगड लोखंडी सळयांनी आवळण्यात आला. १९५८ मध्ये पुन्हा मोठी डागडुजी झाली. पुढे एका कुटुंबातील पिता-पुत्रांनी वर्षानुवर्षे दोरावरून कड्यावर उतरून त्याची निगा राखली. तरीही ३ मे २००३ च्या रात्री चेहरा कोसळला. तो पडताना कोणी पाहिला नाही. त्यानंतर आप्त गेल्यासारखी माणसे आली आणि त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी फुले वाहिली.

कृत्रिम चेहरा पुन्हा बसविण्याची सूचना मान्य झाली नाही. २०११ मध्ये सरोवराच्या काठी पोलादी खांब उभारण्यात आले. आपल्या उंचीनुसार नेमून दिलेल्या जागी उभे राहून खांबावरून नजर टाकली की, त्यावरील खाचाखोचा कड्याशी जुळतात आणि म्हातारा क्षणभर जागेवर परततो.

ज्या मुलांनी तो कधी पाहिला नाही, त्यांना तो झाडावरच्या चकतीवरूनच ठाऊक होतो. दगड चिरकाल टिकतो, असे आपण समजतो. येथे मात्र दगड गेला आणि चित्र उरले. आपल्या घरातही एखाद्या डोंगराचे वा धबधब्याचे जुने छायाचित्र असेल. त्याच्या पाठीमागे आजच स्थळ आणि साल लिहून ठेवा.